साम्राज्याच्या दुखण्याची सहाशे कार्डं

पद्माकर दाबकेच्या शर्टाच्या खिशात रोज दोन वस्तू असायच्या. एक जुरोंग आयलंड या सिंगापूरच्या कारखान्यांच्या बेटाचा पास आणि दुसरी एखाद्या रोमन सम्राटाचं फर्मान. पास फाटकावर दाखवावा लागे. फर्मान कोणी मागत नसे. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात एक लॅटिन ओळ, तिच्याखाली मराठी आणि त्याखाली एखादा टोमणा. अक्षर ऋताचं, टोमणाही तिचाच.

सकाळी जुरोंग ईस्टहून कंपनीची बस सुटली की मंडळी माना टाकून झोपत. पद्माकर तेवढा जागा राहून ते एक कार्ड पुन्हा पुन्हा वाचायचा. शेजारी बसणारा सारंग तिशीतला, ठाण्याचा, तोंडाने मोकळा.

"दाबके सर, आज कोण आजारी?"

"आज सगळं साम्राज्यच. सम्राट डॉक्टर झालेत."

"फी किती?"

"जमीन जप्त," पद्माकर म्हणे, आणि सारंग हसून डोळे मिटून घेई.

आता एका केमिकल प्लांटच्या मेंटेनन्स इंजिनिअरला अठ्ठावन्नाव्या वर्षी हे असले डोहाळे का लागावेत, हे सांगायचं तर ऋतापासून सुरुवात करायला हवी.

ऋता पुण्याची. प्राचीन इतिहासात एम.ए. केलं आणि लॅटिन शिकली ती कॅम्पातल्या एका निवृत्त फादरांकडे, सायकलवर जाऊन. घरच्यांनी डोक्याला हात लावला. संस्कृत सोडून लॅटिन, हे म्हणजे घरचा आंबा टाकून परक्याच्या झाडावर चढणं, असं तिच्या आत्याचं मत. ऋताला त्या फर्मानांचं वेड लागलं होतं. रोमच्या उतरत्या काळातले सम्राट आपल्या हुकुमांत सतत आजारपणाची भाषा बोलतात, हे तिला फादरांकडेच पहिल्यांदा जाणवलं. बाजारात भाव भडकले की लोकांची हाव हा रोग आणि फर्मान हे औषध. कोणी वेगळ्या पंथाचा निघाला की तो संसर्ग. एखाद्या गटाला हाकलायचं असलं की ते सडलेलं अंग, बाकीचं शरीर वाचवायचं तर कापायलाच हवं. ऋता अशी वाक्यं कार्डांवर उतरवत गेली. पुण्यात दोनशे झाली. मग पद्माकरला सिंगापूरची नोकरी लागली आणि पीएच.डी. तिथेच थांबली. कार्डं मात्र बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात बसून तिच्याबरोबर आली.

वुडलँड्सच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकोणीस वर्षांत ती दोनशेची सहाशेच्या वर गेली. सकाळी लेकीला, मैत्रेयीला शाळेत सोडायचं, लायब्ररीत दोन तास बसायचं, येताना भाजी आणायची आणि दुपारी जेवणाच्या टेबलावर कार्डं पसरायची, असा तिचा दिवस. मांडायची, मोडायची, पुन्हा मांडायची. पुस्तक कधी लिहिणार, असं कोणी विचारलं की म्हणायची, "लिहायचंय काय त्यात? कार्डं नीट लागली की झालं." तिचं म्हणणं होतं की राज्य जसजसं खिळखिळं होतं तसतसा राजाच्या तोंडी औषध हा शब्द वाढत जातो. आणि राजाने एकदा डॉक्टरचा कोट चढवला की त्याला प्रश्न विचारायची सोय संपते. डॉक्टरशी कोण वाद घालणार?

मग ती स्वतःच आजारी पडली, तीही साधीसुधी नाही. अकरा महिने हॉस्पिटलच्या वाऱ्या झाल्या. त्या अकरा महिन्यांत तिने भाषा उलटी फिरवली. सकाळी पोटात कळ आली की म्हणायची, "सीमेवर गडबड आहे." केमोने गळून गेली की म्हणायची, "बघ, आपल्याच सैन्यानं आपली शेतं जाळली." पद्माकर तिला हसवायचा, ती त्याला. एकदा म्हणाली, "गंमत बघ. ते राजे राज्याला शरीर म्हणायचे आणि हे डॉक्टर माझ्या शरीराला रणांगण म्हणतात. कोणाला नीट नाव घेऊन बोलताच येत नाही." त्यानंतर तीन आठवड्यांनी ती गेली. त्याला तीन वर्षं झाली होती, आणि पद्माकर अजून संध्याकाळी दार उघडताना चप्पल काढायच्या आधी "आलो गं" म्हणायचा.

आता त्याची चूक. ही चूक फक्त मेंटेनन्सचा माणूसच करू शकतो.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे परतले, मैत्रेयी कॉलेजच्या होस्टेलवर गेली आणि घर अंगावर यायला लागलं. पद्माकरने हाताला काम हवं म्हणून तो डबा उघडला. आत बघतो तर सगळा गोंधळ. चौथ्या शतकातल्या सम्राटाशेजारी पाचव्या शतकातला, मग पुन्हा चौथा. मध्ये रंगीत रबरबँड, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर एक चिठ्ठी: 'कात्री', 'कडू घोट', 'आईचा आवाज'. प्लांटमध्ये एवढ्याएवढ्या व्हॉल्व्हलासुद्धा टॅग नंबर असतो, आणि इथे बिचारीला आजारपणात काही लावायलाच जमलं नव्हतं! त्याला भरून आलं. तीन शनिवार-रविवार बसून त्याने सगळी कार्डं सालाप्रमाणे लावली, प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईने नंबर घातला, चिठ्ठ्या टाकून दिल्या आणि रबरबँड स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. पोह्यांच्या पाकिटाला लाल, डाळीला हिरवा. ज्या कार्डांवर साल नव्हतं ती न वाचताच शेवटी एका पाकिटात घातली, प्लांटमध्ये बिननंबरचे सुटे भाग शेवटच्या खणात टाकतात तशी. डबा बंद करताना त्याला खूप दिवसांनी समाधान वाटलं.

महिनाभराने पुण्याहून विनीताचा फोन आला. विनीता ऋताची एम.ए.ची मैत्रीण, पुढे कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेली.

"पद्माकर, ऋताची कार्डं आहेत ना सगळी? मी त्यांचं पुस्तक करणार आहे. प्रकाशकाशी बोललेय."

"आहेत. अगदी क्रमात आहेत."

"मग चिंता मिटली. अरे, तो क्रमच तिचं पुस्तक आहे. कुठल्या राजाशेजारी कुठला बसवायचा, त्याच्यावर आम्ही फोनवर तास-तास भांडायचो. शेवटी लागला म्हणाली, जायच्या आधी. तू तेवढा हलवू नकोस हं."

पद्माकर "हो" म्हणाला. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन पोह्यांच्या पाकिटाचा लाल रबरबँड काढून हातात घेऊन उभा राहिला. बायकोचं आयुष्यभराचं काम त्याने नीटनेटकं करून टाकलं होतं. त्या दिवशी तो जेवला नाही.

विनीताला खरं सांगायचं धाडस झालं नाही. तिचा फोन आला की तो म्हणायचा, "डबा सुरक्षित आहे." आणि इकडे त्याने तो क्रम परत मिळवायचा चंग बांधला. शाळकरी मुलांचं लॅटिन व्याकरण आणलं, बसमध्ये रोज एक कार्ड असा नेम धरला. वाक्य कळलं की ते कोणाशेजारी बसलं असेल ते कळेल, असा हिशोब. वाक्यं कळायला लागली, टोमणेही कळायला लागले, पण शेजार काही कळेना. उलट झालं असं की कार्ड वाचताना ऋता बसमध्ये शेजारी बसल्यासारखी बोलायची, आणि बस थांबली की गप्प व्हायची. मग दिवसभर गंजलेल्या पाइपांत त्याचं मन लागत नसे.

मैत्रेयीला त्याने एकदा विचारलं. ती रविवारी जेवायला यायची.

"आई तुझ्यासमोर कार्डं मांडायची ना गं? काही आठवतंय?"

"बाबा, आय वॉज डूइंग होमवर्क लाह," मैत्रेयी तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. मग तिने त्याचं तोंड बघितलं. "वन थिंग आय रिमेंबर. ती दोन कार्डं हातात घ्यायची, मोठ्याने वाचायची, अँड देन शी वुड लाफ. नाही हसली तर चेंज करायची." थोड्या वेळाने तिने सुचवलं, "स्कॅन करून टाक ऑल. कॉम्प्युटर विल सॉर्ट."

"कॉम्प्युटर हसेल का?" पद्माकर म्हणाला.  तिने उठून त्याच्या ताटात आमटी वाढली आणि बराच वेळ त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

या वर्षी एप्रिलमध्ये दोन गोष्टी एका आठवड्यात आल्या. पहिली, विनीताचा निरोप: मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघालेय, मेच्या शेवटच्या शनिवारी सिंगापूरला विमान बदलताना आठ तास आहेत, घरी येऊन डबा घेऊन जाईन. दुसरी, कंपनीच्या मोठ्या साहेबांची मेल. कंपनीची प्रकृती सुधारायची तर थोडी चरबी उतरवावी लागेल, औषध कडू असलं तरी शरीर त्यातून ठणठणीत होऊन उठेल, वगैरे. खाली जोडलेल्या यादीत पद्माकरचं नाव होतं. जूननंतर करार वाढणार नाही, म्हणजे पासही नाही.

मेल वाचून पद्माकर बसमध्ये मोठ्याने हसला. सारंग दचकून जागा झाला.

"काय झालं सर?"

"अरे, मला कापलं. पण काय भाषेत कापलंय बघ! चौथ्या शतकातला माणूस आहे हा."

हसता हसता त्याचा हात फोनकडे गेला. ही मेल ऋताला पाठवायची होती. ती किती खूश झाली असती! 'कात्री' गठ्ठ्यात पहिलं कार्ड म्हणून लावली असती, वर दोन टोमणे घातले असते आणि मग त्याला चहा देऊन म्हणाली असती, चल, पुण्याला जाऊ. नोकरी गेल्याचं त्याला फारसं वाटलं नाही. सांगायला ती नाही, म्हणून मात्र तो खिडकीकडे तोंड करून बसला.

मे उजाडला. विनीता यायला तीन आठवडे उरले. क्रम लागेना, तेव्हा पद्माकरने निदान डबा तरी तपासून द्यावा म्हणून सगळी कार्डं मोजायला काढली आणि शेवटी ते बिनसालाचं पाकीट उघडलं. तीन वर्षांत ते त्याने उघडलं नव्हतं. त्यात लॅटिन नव्हतं, सम्राट नव्हते, मग त्याच्या लेखी ती माहितीच नव्हती. एकेचाळीस कार्डं. पहिल्यावर लिहिलं होतं:

'पद्माकरला विचारायचं. पाइप आतून कुजलाय हे बाहेरून कळतं का?'

दुसऱ्यावर: 'पद्माकरला विचारायचं. एखादा विभाग बंद करायचं ठरतं, तेव्हा तिथे काम करणाऱ्यांना आधी विचारतात का?'

तिसऱ्यावर: 'पद्माकरला विचारायचं. खोटा अलार्म रोज वाजत राहिला तर माणसं काय करतात?'

एकेचाळीसही तशीच. पद्माकर खुर्चीत बसला. त्याला एकदम ते सगळे दिवस आठवले. संध्याकाळी साडेसातला तो घरी यायचा, जेवायचा, टीव्हीसमोर पेंगायचा. ऋता भांडी आवरता आवरता म्हणायची, "अरे, तुला एक विचारायचं होतं." आणि तो म्हणायचा, "उद्या विचार ना." ती बरं म्हणायची. रागवायची नाही, कुरकुरायची नाही. जाऊन कार्ड लिहायची, हे त्याला आज कळलं. तो रडला, चांगला मोठ्याने रडला, आणि दुपारचा उजेड असल्यामुळे शेजारच्या चिनी आजींनी गॅलरीतून डोकावून सगळं ठीक आहे ना, असं खुणेने विचारलं.

मग त्याने तोंड धुतलं, कोरी कार्डं आणली आणि उत्तरं लिहायला बसला.

'बाहेरून कळत नाही. पाइपाला ऊब राहावी म्हणून वर जाड वेष्टण असतं, त्यावर चकचकीत पत्रा. पाणी शिरतं ते त्याच्या आत. जिथे जास्त जपून गुंडाळलेलं असतं तिथेच गंज जास्त धरतो. पत्रा काढून बघणाऱ्याला कोणी आवडीने चहा पाजत नाही.'

'विचारत नाहीत. कळवतात.'

'अलार्म बंद करतात. त्याचं बटण कुठे आहे ते प्रत्येकाला माहीत असतं.'

उत्तर लिहिताना त्याला जाणवलं की हा प्रश्न तिला कुठल्या फर्मानावरून सुचला असेल, ते त्याला ठाऊक आहे. गंजाच्या प्रश्नाशी ते कार्ड, ज्यात सम्राट म्हणतो की वरून साम्राज्य निरोगी दिसतं. अलार्मच्या प्रश्नाशी ती सात, ज्यांत दर वर्षी तोच रोग आणि तेच औषध. तीन वर्षं रोज एक याप्रमाणे सगळी कार्डं त्याच्या डोक्यात बसली होती. तो एकेक प्रश्न टेबलावर ठेवायचा आणि त्याच्याभोवती फर्मानं लावायचा. दोन शेजारची मोठ्याने वाचायचा. हसू आलं तर ठेवायचा, नाही तर बदलायचा. टेबल भरलं तशी जमीन भरली. तीन आठवडे तो पलंगावर पाय वर घेऊन जेवला. अखेरीस नव्वदेक कार्डं कुठेच बसेनात, ती त्याने वेगळी बांधली. एका प्रश्नाला उत्तर देता आलं नाही, ते कार्ड सगळ्यात वर ठेवलं.

विनीता आली ती शनिवारी सकाळी. तिने चप्पलसुद्धा काढली नव्हती तोच पद्माकर म्हणाला, "विनीता, मी तुझ्याशी तीन वर्षं खोटं बोललो. क्रम मी मोडला. सालाप्रमाणे लावला, चिठ्ठ्या फेकल्या. आता परत लावलाय, पण तो तिचा आहे की नाही, मला माहीत नाही."

विनीता दारातच उभी राहिली. तिचा चेहरा पडला. ती आत येऊन जमिनीवर बसली आणि कार्डं बघायला लागली. पद्माकरने चहा केला, तो निवला, दुसरा केला. दोन तास गेले. मध्येच ती एकदा खुदकन हसली. मग परत हसली. मग पदर डोळ्यांना लावला.

"हा तिचा क्रम नाही," ती म्हणाली.

पद्माकरने मान खाली घातली.

"थोडाफार आहे. 'कडू घोट' जवळजवळ तसाच आहे. बाकी नाही. तो गेला तो गेला, पद्माकर, आणि मला त्याचा फार राग येतोय, तो मी ऑस्ट्रेलियात जाऊन काढीन." तिने नाक पुसलं. "पण हे प्रश्न तिने मला कधी दाखवले नव्हते. मी तिला सतत म्हणायचे, तुझ्या पुस्तकात सगळे राजेच बोलतात, त्या शरीरात राहणारा माणूस कुठाय? ती म्हणायची, आहे, घरीच आहे, वेळ मिळाला की विचारते."

 विनीताने कार्डं त्याने लावली तशीच, उत्तरांसकट, डब्यात भरली. शेवटी ते सगळ्यात वरचं, बिनउत्तराचं कार्ड तिने वाचलं आणि डब्यात न ठेवता त्याच्या हातात दिलं.

"हे पुस्तकातलं नाही," ती म्हणाली. "हे तुझं आहे."

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी पद्माकरने पास जमा करायच्या आधीची शेवटची बस पकडली. सारंगने त्याच्यासाठी खिडकीची जागा धरली होती. संध्याकाळचे सहा वाजले होते, ऊन होतं. बावीस वर्षं या वेळेला तो या बसमध्ये झोपलेला असायचा. बेटावर घरच्यांना आणता येत नाही, पास लागतो. ऋताने त्याचा प्लांट कधी पाहिला नाही, बेटावरून येणारा तो पूलही नाही. मागे एकदा हट्ट धरला होता, तेव्हा त्याने हसण्यावारी नेलं होतं, काय बघायचंय त्यात, पाइपच पाइप.

बस पुलावर आली. त्याने खिशातून ते कार्ड काढलं.

'पद्माकरला विचारायचं. संध्याकाळी बस पुलावरून येते तेव्हा त्याला काय दिसतं?'

त्याने खिडकीबाहेर पाहिलं, पूल संपेपर्यंत पाहत राहिला. मग कार्ड गुडघ्यावर धरून, बस हलत असल्यामुळे वेड्यावाकड्या अक्षरात त्याने खाली लिहिलं:

'खरं सांगायचं तर मी झोपलेला असायचो. आज पाहिलं. दोन्ही बाजूंना समुद्र आहे. डावीकडे जहाजं उभी आहेत, तेरा मोजली. मागे चिमणीवर ज्योत दिसते, उन्हात फिकी. पाण्याचा रंग तुझ्या त्या राखाडी साडीसारखा आहे, काठ सोडून. पुढे फाटक आहे, आणि त्याच्या पलीकडे घराकडे जाणारा रस्ता. आणखी काही विचारायचं असेल तर आज विचार. मी जागा आहे.'